नव्या कुरणात सोडलेली महाकाय कासवं: पहिल्या महिन्यात काय काय दिसलं

माळावरची | ९ जून, सकाळी ७.४०

नमस्कार मंडळी. मी पशुवैद्य आहे, मूळची सोलापूरची. दोन वर्षं मॉरिशसमधल्या एका खाजगी बागेत कामाला होते, गेल्याच आठवड्यात घरी परतले. माळरानाच्या धाग्यावर परवा कुणीतरी लिहिलं होतं की कासव हा प्राणी जिथे ठेवाल तिथे बसतो, त्याला जागेचं काही नसतं. मी जे पाहिलं ते याच्या अगदी उलट आहे, म्हणून हा वेगळा धागा.

आमच्याकडे अकरा अल्डाब्रा कासवं होती. तीन नर, आठ माद्या. ही जात मूळची सेशेल्समधल्या अल्डाब्रा बेटाची. मोठा नर अडीचशे किलोपर्यंत भरतो. ही सगळी वर्षानुवर्षं एका लहान आवारात राहिलेली. तिथली जमीन तुडवून तुडवून गोठ्यासारखी टणक झालेली आणि चारा कापून आणून एकाच ओट्यावर टाकायचा. शेजारची दीड एकर पडीक जागा मोकळी झाली तेव्हा त्यांना चरायला कुरण द्यायचं ठरलं. गवत गुडघ्याएवढं वाढलेलं. आम्हाला वाटलं, सोडल्या सोडल्या तुटून पडतील.

नोव्हेंबरचे दिवस होते, म्हणजे तिकडचा उन्हाळा लागायची वेळ. एकेकाला ट्रॉलीवरून फळीवर उतरवलं. दोघांनी मान आत ओढून घेतली ती अर्धा-पाऊण तास बाहेर काढलीच नाही. मान आत घेताना फुस्स असा मोठा आवाज येतो. बघ्यांना ते चिडलेत असं वाटतं, पण मान आणि पाय आत घ्यायचे तर छातीतली हवा बाहेर जावी लागते, त्याचा तो आवाज. बाकीची नऊ नाकासमोर सरळ चालत गेली, भिंत लागेपर्यंत. भिंत लागली की वळायचं आणि तिच्या कडेकडेने पुढे. अख्ख्या कुरणाला कडेने फेरी. मधलं हिरवंगार गवत पायाखाली घातलं, पण तोंड लावलं नाही.

एक गोष्ट मात्र सतत चालू होती. चार पावलं चाललं की मान लांब करायची, नाक जमिनीला टेकेल इतकं खाली न्यायचं, गळा हलत राहायचा. वास घेणं चाललेलं. दगडाला, शेणाला, आमच्या बुटांना, एकमेकांच्या पाठीला, सगळ्याला नाक लावून पाहिलं. साडेतीन वाजता ओट्यावर चारा पडायची वेळ झाली तेव्हा सात कासवं जुन्या आवाराच्या फाटकापाशी येऊन उभी होती. गुडघाभर गवतात उभी राहून कापलेल्या चाऱ्याची वाट बघत होती.

आता त्या दिवसाची वाईट गोष्ट. सगळ्यात लहान मादी सकाळपासून जुन्या आवाराला लागून असलेल्या कोपऱ्यात भिंतीला तोंड करून उभी होती. पलीकडे, त्याच बाजूला, तिचं रोजचं झाड होतं. आम्ही नवी शेड बांधली होती ती दुसऱ्या टोकाला. सावकाश चालली असती तरी दहा-बारा मिनिटांत पोचली असती. पण तिकडे सावली आहे हे तिला कुठे ठाऊक होतं? अकराच्या सुमारास माझं लक्ष गेलं तेव्हा तोंडातून फेस यायला लागला होता. कासवाच्या अंगाला घाम नाही. ऊन फार झालं की लाळ गळते, आणि तिथून जीव जायला वेळ लागत नाही. खुद्द अल्डाब्रावरसुद्धा उन्हं चढायच्या आत सावली न गाठलेली कासवं मरतात. पाच जणांनी उचलून तिला हातगाडीवर घेतलं, वर झाप धरले, हळूहळू पाणी घातलं. संध्याकाळी तिने मान बाहेर काढली. ती दुपार माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. शेड आहे एवढ्यावर आम्ही समाधान मानलं होतं, शेड त्यांना माहीत व्हायला हवी हा विचारच केला नव्हता.

दुसऱ्या दिवशी पहाटे चारही कोपऱ्यांत नारळाच्या झापांचे आडोसे उभे केले.

चरणं सुरू झालं ते तिसऱ्या-चौथ्या दिवशी, आणि तेही उंच गवतात नाही. भिंतीच्या कडेला माळ्यांनी वावभर पट्टा कापून ठेवला होता, तिथे फुटलेल्या कोवळ्या लुसलुशीत पात्यांवर. कासवाला दात नसतात, चोचीसारखी धारदार कड असते. गवत जबड्यात धरायचं, मान मागे झटकायची, तुटतं ते गिळायचं. उंच, जून, काडी धरलेलं गवत त्या चोचीला नीट सापडत नाही. हे कळल्यावर आम्ही मधल्या गवतात आडवे-उभे पट्टे कापून घेतले. मग ती आत शिरायला लागली. आठ-दहा दिवसांत त्यांच्या पायवाटा पडल्या: शेडपासून पाण्याकडे, पाण्यापासून त्या कापलेल्या पट्ट्यांकडे. तीन आठवड्यांनी पट्ट्यांची हिरवळ इतकी आखूड आणि दाट झाली होती की सतरंजी अंथरल्यासारखी दिसायची. तीच तीच जागा पुन्हा चरायची, कारण तिथेच कोवळं फुटतं.

म्हणजे क्रम असा दिसला: आधी हद्द, मग सावली आणि पाणी, मग चारा. आपल्याकडे जनावरं सांभाळणाऱ्यांना नव्या रानात असंच दिसतं का? वाचायला आवडेल.

---

मेंढकी_नान्नज | ९ जून, दुपारी १.१५

ताई, वाचताना अंगावर काटा आला. आमच्या घरात चार पिढ्या मेंढरं आहेत. नव्या रानात कळप घातला की पहिल्यांदा बांध धरूनच फिरतो, मधे लवकर उतरत नाही. वडील म्हणतात, रान पायाखालून गेल्याशिवाय मेंढरू पोटभर खात नाही. पहिल्या दिवशी ते स्वतः मधोमध जाऊन बसतात. माणूस दिसला की मेंढरं हळूहळू आत सरकतात.

दुसरं म्हणजे मृगाच्या पावसावर उगवलेल्या कोवळ्या गवतावर आम्ही मेंढरं उपाशीपोटी कधीच घालत नाही. आधी कडबा नाहीतर वाळला पाला, मग हिरवं. नाहीतर हगवण लागते, पोट फुगतं. कासवांना असा त्रास झाला का?

आणि लेंड्यांचं काय? आम्ही खतासाठी शेतात मेंढरं बसवतो, तर रात्री जिथे बसतात तिथेच सगळं खत पडतं. कासवं रात्री कुठे बसायची?

---

माळावरची | ९ जून, रात्री ९.०५

तुमच्या वडिलांना नमस्कार सांगा. मधोमध जाऊन बसायची युक्ती मला त्या वेळी माहीत असती तर फार बरं झालं असतं.

हगवण झाली. चार जणांना, पहिल्याच आठवड्यात. कासवाचं अन्न पोटातून फार सावकाश पुढे सरकतं, दोन आठवडे सहज लागतात. आतड्यातले जिवाणू चारा आंबवून पचवतात आणि त्या जिवाणूंना नव्या चाऱ्याची सवय व्हायला वेळ हवा. आम्ही ओट्यावरचा वाळला चारा एकदम बंद केला होता, तो पुन्हा सुरू केला. सकाळी आधी वाळकं आणि मग कुरण, असं केल्यावर पंधरवड्यात विष्ठा घट्ट झाली. चांगल्या विष्ठेत गवताचे धागे दिसतात, वाळली की हातात घेतली तरी घाण वाटत नाही. फळं मात्र आम्ही जवळजवळ बंदच केली. पर्यटक केळी-पपई खायला घालतात आणि कासवं आनंदाने खातात, पण त्यांचं शरीर तंतुमय, निकृष्ट चाऱ्यावर जगायला घडलेलं आहे.

रात्रीचं विचारलंत ते फार मोलाचं. पहिले काही दिवस जो जिथे थांबला तिथेच झोपला. दुसऱ्या आठवड्यापासून सहा जण रोज एकाच जागी, शेडच्या पश्चिमेला, एकमेकांना खेटून. तिथली माती उकरून खोलगट केली. उरलेल्यांनी भिंतीकडेला आपापल्या जागा धरल्या आणि त्या फारशा बदलल्या नाहीत. माझ्या मते कासव नव्या जागेत रुळलं हे ओळखायची सगळ्यात खात्रीची खूण हीच. खाणं नाही. भूक लागली की ते परक्या जागेतही खाईल. रोज त्याच जागी झोपायला परत आलं, की ती जागा त्याची झाली.

---

निवडुंगाचं_फूल | १० जून, सकाळी ६.५०

मी शाळेत शिकवते, मुलांना दरवर्षी नान्नजच्या माळढोक अभयारण्याकडे घेऊन जाते. दोन प्रश्न. आपल्या माळावर पवन्या, मारवेल, कुसळ ही गवतं. अशी राठ गवतं ही कासवं खातील का? आणि फड्या निवडुंग? प्रशांत महासागरातल्या गालापागोस बेटांवरची महाकाय कासवं निवडुंग खातात असं मुलांना सांगत आले आहे, ते बरोबर आहे ना?

---

माळावरची | १० जून, सकाळी १०.२०

बाई, अगदी बरोबर सांगताय. गालापागोसच्या कोरड्या बेटांवर निवडुंगाची पानं, फुलं, फळं हा मोठाच आधार. पाणी नसलेल्या दिवसांत त्यातूनच ओलावा मिळतो. तिथला निवडुंग आणि आपला फड्या एकाच कुळातले भाऊ आहेत. आमच्या अल्डाब्रांना मी काटे भाजून फडे घातले होते, चवीने खाल्ले.

मारवेल कोवळी असताना नक्की आवडेल. कुसळ मात्र कुसळं धरायच्या आधीच, नंतर ती तोंडात आणि डोळ्यांत रुततात, मेंढरांना होतं तसंच.

खुद्द अल्डाब्रावर कासवांच्या चरण्यानेच एक खास हिरवळ तयार झाली आहे. वीसहून अधिक प्रकारची बुटकी गवतं आणि रोपं त्यात आहेत, काहींची फुलं अगदी जमिनीसरशी येतात, म्हणजे कासवाच्या तोंडात सापडू नयेत इतकी खाली. त्या बेटावर सुमारे एक लाख कासवं आहेत, आणि मूळचा दुसरा मोठा चरणारा प्राणी तिथे नाही. मेंढ्या, गाई, हरणं यांचं सगळं काम तिथे कासवं करतात. आमच्या दीड एकरात तीन आठवड्यांनी ती सतरंजी दिसली तेव्हा मला अल्डाब्राच आठवलं. पिढ्यान् पिढ्या बंदिस्त राहूनही ती रीत त्यांच्या अंगात होती.

मुलांना आणखी एक सांगा. गालापागोसच्या एस्पॅन्योला बेटावर फक्त १४ कासवं उरली होती. अमेरिकेतल्या सॅन डिएगोच्या प्राणिसंग्रहालयात दिवस काढलेल्या दिएगो नावाच्या नराला परत आणून प्रजनन केंद्रात त्यांच्यात सोडलं आणि ती जात सावरली. २०२० च्या जूनमध्ये तो इतरांसोबत आपल्या बेटावर परत गेला. पण जाण्याआधी त्यांना वेगळं ठेवलं होतं, कारण पोटातल्या परक्या बिया विष्ठेतून नव्या जागी पडल्या असत्या. मेंढकी, तुमच्या लेंड्यांच्या प्रश्नाचं उरलेलं उत्तर यातच आहे.

---

रानवेडा | १० जून, संध्याकाळी ६.३०

लेख छान, पण एक खटकलं. हिरवळ सतरंजीसारखी झाली म्हणजे अतिचराईच ना? आपल्या माळांची वाट अशीच लागली. तेच तेच कोवळं खात राहिलं की गवताची मुळं मरतात, पावसाळा संपला की नुसती माती उरते. अकरा कासवं आणि दीड एकर, हिशेब बसत नाही असं मला वाटतं.

---

माळावरची | १० जून, रात्री १०.४०

तुमचं म्हणणं मला मान्य आहे, आणि हे लिहायला हवंच होतं. दुसऱ्या महिन्यात फाटकाजवळची आणि ओट्याभोवतीची जमीन उघडी पडली. तिथे त्यांची ये-जा जास्त. मग मधे दगडी बांध घालून कुरणाचे दोन भाग केले, एक चरायला, एक विश्रांतीला. आलटून पालटून. तरीही वाळला चारा कायम चालू ठेवावा लागला. केवळ त्या गवतावर अकरा जणांचं पोट भरलंच नसतं.

मेंढरांपेक्षा फरक एवढाच की कासव दिवसातले थोडेच तास चरतं. सकाळी उन्हं अंगावर घेतल्यावर, आणि मग चार-साडेचारनंतर. त्याच्या देहाला चाराही वजनाच्या मानाने खूप कमी लागतो, अंग गरम ठेवायला अन्न जाळावं लागत नाही. पण म्हणून जमिनीला विश्रांती नको असं मुळीच नाही.

बांध दगडीच का घातला तेही सांगते. एका बाजूला जाळीचं कुंपण होतं. पलीकडचं दिसतंय म्हटल्यावर दोन नर तिथेच ढकलत राहिले, तासन् तास, चौथ्या दिवशी खांब वाकला. दगडी भिंतीपाशी मात्र ती एकदा नाक लावून वळायची. जाळीच्या खालच्या अडीच फुटाला झाप बांधले आणि दोन दिवसांत ढकलणं थांबलं. ज्याच्या पलीकडचं दिसत नाही ती हद्द, असं त्यांचं गणित.

---

हैदराबाद_रोडवाला | ११ जून, सकाळी ८.१०

आमच्या लहानपणी सोलापूरहून सहल म्हणजे हैदराबाद. नेहरू प्राणिसंग्रहालयातलं ते मोठं कासव, चाणक्य, मी तीन वेळा पाहिलं. गालापागोसचं होतं. १९६३ साली बाग-ए-आम या सार्वजनिक बागेतून तिथे आणलेलं. २०२४ च्या मार्चमध्ये गेलं तेव्हा १२५ वर्षांचं होतं असं प्राणिसंग्रहालयाने सांगितलं. बातमी वाचून घरातलं कुणी गेल्यासारखं वाटलं.

लहानपणी ते नुसतं दगडासारखं वाटायचं. त्यांना खरंच काही आठवतं का? जागा बदलली हे कळतं का?

---

माळावरची | ११ जून, दुपारी १२.३०

दादा, आठवतं. व्हिएन्ना आणि झुरिकच्या प्राणिसंग्रहालयांतल्या महाकाय कासवांना रंगीत खुणेला तोंड लावायला शिकवलं होतं. हा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. नऊ वर्षांनी खूण पुढे धरली तर तिला तोंड लावायचं हे त्यांना आठवत होतं. शिवाय एकेकटं शिकवण्यापेक्षा गटात असताना ती लवकर शिकली.

हे वाचलं होतं म्हणूनच त्या लहान मादीच्या प्रसंगानंतर आम्ही एक लाल फळी घेतली. फळीला तोंड लावलं की जास्वंदीचं फूल. आठवडाभर हे केलं, मग फळी रोज सकाळी साडेनऊला शेडच्या दारात धरायची. पहिल्यांदा दोघी यायच्या, मग त्यांच्या मागे इतर. पंधराव्या दिवशी फळी न धरताच बहुतेक सगळी उन्हं चढायच्या आत शेडमध्ये पोचायची. नव्या कुरणात कासवं सोडणाऱ्या कुणालाही मी हेच सांगेन, आधी सावलीची वाट शिकवा, गवताचं नंतर बघा.

सेंट हेलेना बेटावरचा जोनाथन नावाचा म्हातारा कासव तर १८८२ पासून गव्हर्नरच्या घराच्या हिरवळीवर आहे. दिसत नाही, वासही येत नाही, तरी आपल्या आवारात फिरतो. मधे त्याची चोच मऊ, बोथट झाली होती, गवत तुटेना, वजन उतरलं. तिथल्या पशुवैद्यांनी आठवड्यातून एकदा हाताने भाज्या-फळं भरवायला सुरुवात केली आणि चोचीला पुन्हा धार आली. वर मी फळांविरुद्ध लिहिलं आहे, पण म्हाताऱ्या जिवाची गोष्ट वेगळी.

---

शेततळं | ११ जून, दुपारी ४.००

आमचं बार्शी रोडला कृषी पर्यटन केंद्र सुरू होतंय. चार एकर मोकळी जागा आहे. एक-दोन अशी कासवं आणता येतील का? किंवा आपली चांदणीची कासवं? शेजाऱ्यांकडे एक आहे, ते देतो म्हणतात.

---

माळावरची | ११ जून, सायंकाळी ५.२५

मनापासून सांगते, नका करू.

चांदणीचं कासव, म्हणजे पाठीवर चांदण्या असलेलं, घरात ठेवणं वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. या जातीची चोरटी वाहतूक प्रचंड चालते. शेजाऱ्यांना वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवायला सांगा. आणि कृपा करून परस्पर माळावर सोडू नका. घरात राहिलेलं कासव सोबत आजार घेऊन जातं, आणि ते मूळचं कुठलं हेही आपल्याला ठाऊक नसतं.

अल्डाब्रा आणि गालापागोस, दोन्हीकडची महाकाय कासवं आंतरराष्ट्रीय व्यापारबंधनाच्या यादीत आहेत. अशा परदेशी प्राण्यांची नोंदणी आपल्या कायद्यातही आता सक्तीची आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी विचार करा. सोलापूरचा मे महिना, पारा ४३-४४ वर. दिवसभर दाट सावली, ओला चिखल आणि पाणी सतत लागेल. डिसेंबरातल्या थंड रात्रींना उबदार खोली. गाजर गवत, घाणेरी, कण्हेर मुळापासून काढून टाकावं लागेल. प्लास्टिकचा एक तुकडा राहता कामा नये, रंगीत दिसलं की ती गिळतात. आणि हे सगळं शंभर वर्षं. तुमच्या नातवालाही सांभाळावं लागेल.

त्या चार एकरांत मारवेल आणि पवन्या राखा. पावसाळ्यात लोक गवत बघायला येतील, मी स्वतः येईन.

---

शेततळं | ११ जून, रात्री ८.५०

पटलं. शेजाऱ्यांशी आत्ताच बोललो, उद्या सकाळी फोन लावणार आहेत. गवताचं बियाणं कुठे मिळेल तेवढं कळवा.

---

मेंढकी_नान्नज | ११ जून, रात्री ९.३०

बियाणं विकत कशाला? दिवाळीनंतर आमच्या माळावर पवन्या पिकतो, पोतंभर देऊ.

ताई, वडिलांना सगळं वाचून दाखवलं. त्यांचा एकच प्रश्न: त्या लहान मादीचं पुढे काय झालं?

---

माळावरची | १२ जून, सकाळी ७.१५

बाबांना सांगा, ती चांगली आहे. तीन आठवडे तिने जुन्या आवाराकडचा कोपरा सोडला नव्हता. आम्ही तिचा चारा रोज दोन हात पुढे टाकत गेलो.

मग डिसेंबरच्या शेवटी पहिला मोठा पाऊस झाला. एरवी आडोशाला असलेली सगळी कासवं बाहेर आली, खळग्यांत पाणी साठलं होतं तिथे मानाही खाली गेल्या. ही कासवं अगदी उथळ पाणी नाकपुड्यांनी ओढून पिऊ शकतात. अल्डाब्राच्या खडकांवर बोटभर खोल डबकी असतात, त्यांच्यासाठी ही सोय. तीही कोपऱ्यातून निघाली. कुरणाच्या बरोबर मधे, जिथे कधीच गेली नव्हती, तिथल्या खळग्यात नाक घालून बराच वेळ पीत राहिली. पाऊस थांबल्यावर तिथेच चिखलात बसली आणि आजूबाजूची पाती तोडायला लागली. त्या रात्री ती पश्चिमेच्या सहा जणांत जाऊन झोपली, आणि दुसऱ्या रात्रीही.

काल आमच्या मुकादमांचा निरोप आला. ते मूळच्या मराठी घरातले, तिकडच्या वळणाची मराठी बोलतात. म्हणाले, आता सकाळी शेडकडे निघणाऱ्यांत तीच पुढे असते, फळी लागत नाही.